सोसायटीच्या गेटवर नंबरप्लेट वाचणारी मुक्तस्रोत यंत्रणा कशी उभारावी

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगतच्या आमच्या सोसायटीत सुमारे ३०० चारचाकी गाड्या आहेत आणि त्या सगळ्या एकाच गेटातून ये-जा करतात. संध्याकाळी गाड्यांची रांग सर्व्हिस रोडपर्यंत जाऊ लागली, काचेवरची स्टिकर उन्हाने पांढरी पडली आणि वॉचमन बदलला की जुन्या सभासदांनाही ‘कोणाकडे जायचंय?’ असे विचारले जाऊ लागले, तेव्हा नंबरप्लेट आपोआप वाचणारी यंत्रणा बसवण्याचा विषय कमिटीपुढे आला. विक्रेत्यांच्या कोटेशनमधील दरवर्षी भरावयाच्या शुल्काचा आकडा पाहिल्यावर हे काम मुक्तस्रोत, म्हणजे ज्याचा मूळ प्रोग्राम सर्वांना खुला असतो अशा, सॉफ्टवेअरवर करून पाहावे असे ठरले. त्यातून जे कळले ते इतर सोसायट्यांना वापरता येईल अशा क्रमाने येथे मांडले आहे. संगणकावर लिनक्स बसवणे आणि सेटिंगची फाइल काळजीपूर्वक बदलणे ज्याला जमते अशी एक व्यक्ती सोसायटीत असली तरी पुरे आहे. थोडी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर अधिक चांगले.

आधी काम नेमके ठरवावे

भारतातील कोणत्याही गाडीचा क्रमांक अचूक वाचणे आणि समोर आलेली गाडी आपल्या यादीतील ३०० गाड्यांपैकी आहे का हे ओळखणे, ही दोन निराळी कामे आहेत, आणि सोसायटीला यांतले दुसरेच हवे असते. हा फरक सुरुवातीलाच लक्षात घेतला नाही तर पुढचे सगळे निर्णय चुकतात.

पहिले काम किती अवघड आहे हे साध्या गणिताने कळते. एका नोंदणी क्रमांकात साधारणपणे दहा चिन्हे असतात. प्रत्येक चिन्ह बरोबर वाचले जाण्याची शक्यता ९९ टक्के धरली, तरी दहाही चिन्हे एकाच वेळी बरोबर येण्याची शक्यता सुमारे ९० टक्केच उरते. तीच प्रत्येक चिन्हामागे ९५ टक्के असेल तर पूर्ण क्रमांक ६० टक्के वेळाच बरोबर येतो. म्हणून एखादे सॉफ्टवेअर ‘९९ टक्के अचूक’ आहे असे कोणी सांगितले, तर ती टक्केवारी अक्षराची की पूर्ण प्लेटची, हे पहिल्यांदा विचारावे. दुसरे काम त्या मानाने सोपे आहे, कारण दहापैकी एक चिन्ह चुकले तरी यादीत त्याच्याशी जुळणारा क्रमांक बहुधा एकच सापडतो.

तेव्हा कॅमेरा विकत घेण्याआधी सोसायटीची वाहननोंदणी नीट करून घ्यावी. आमच्या रजिस्टरमध्ये विकून टाकलेल्या गाड्या होत्या, भाडेकरू सोडून गेलेले होते, आणि एकच क्रमांक दोन फ्लॅटच्या नावावर होता. आरसी पाहून क्रमांक पुन्हा लिहून घेण्यास दोन रविवार गेले. पण पुढे उपयोगी पडलेल्या कामांत हे काम सर्वांत वरचे ठरले. यादीत क्रमांकासोबत गाडीचा मेक, रंग आणि फ्लॅट क्रमांकही असावा. त्याचे कारण पुढे येईल.

दुचाकींबाबत माझे मत स्पष्ट आहे: पहिल्या वर्षी त्यांना या यंत्रणेत घेऊ नये. उच्च सुरक्षा नंबरप्लेटच्या मापांनुसार दुचाकीची मागची प्लेट २०० गुणिले १०० मिलिमीटर आणि पुढची २८५ गुणिले ४५ मिलिमीटर असते, तर मोटारीची लांब प्लेट ५०० गुणिले १२० मिलिमीटर असते. मोटारीसाठी जुळवलेल्या कॅमेऱ्याला दुचाकीची पुढची बारीक प्लेट वाचता येत नाही, आणि मागच्या प्लेटसाठी गेटच्या आतल्या बाजूला वेगळा कॅमेरा लागतो.

कॅमेरा

खर्च, वेळ आणि वाद या तिन्हींचा मोठा भाग येथेच जातो. प्लेट वाचली जात नाही म्हणून लोक सॉफ्टवेअर बदलत राहतात, पण चित्रात अक्षरेच उमटलेली नसतील तर कोणतेही सॉफ्टवेअर ती वाचू शकत नाही. आम्हीही तेच केले. गेटच्या खांबावर चार मीटर उंचीवर आधीपासून असलेल्या कॅमेऱ्याचे चित्र घेऊन आम्ही तीन आठवडे निरनिराळे प्रोग्राम चालवून पाहिले आणि शेवटी एका शनिवारी टेप घेऊन मोजमाप केले, तेव्हा चूक कुठे आहे ते दहा मिनिटांत कळले.

मोजायचे ते हे, की प्लेट चित्रात किती पिक्सेल रुंद येते. आपल्याकडे नेहमी बसवला जाणारा दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा १९२० पिक्सेल रुंदीचे चित्र देतो. त्याच्या सेन्सरची रुंदी साधारण साडेपाच मिलिमीटर असते, त्यामुळे २.८ मिलिमीटरच्या लेन्समधून सहा मीटर अंतरावर जवळजवळ बारा मीटर रुंदीचा देखावा दिसतो. पाळत ठेवण्यासाठी हे उत्तम, पण त्या चित्रात मोटारीची अर्धा मीटर रुंद प्लेट फक्त ८० पिक्सेलांत मावते. त्याच कॅमेऱ्याला १२ मिलिमीटरची लेन्स लावली तर सहा मीटरवर पावणेतीन मीटरच रुंदी दिसते आणि तीच प्लेट ३४० पिक्सेलांहून मोठी येते. प्लेट निदान १५० पिक्सेल रुंद यावी, २०० आली तर निश्चिंत राहता येते, असा आमचा अनुभव आहे. म्हणून मेगापिक्सेल वाढवण्याऐवजी लेन्स लांब घ्यावी आणि चित्रात फक्त एक लेन बसवावी. फोकल लांबी कमी-जास्त करता येणारी, म्हणजे दुकानदाराच्या भाषेत व्हेरिफोकल, लेन्स घेतली तर जागेवर जुळवता येते.

यानंतर कोन पाहावा. चार मीटर उंचीवरून सहा मीटर दूरच्या प्लेटकडे पाहताना कॅमेरा सुमारे ३० अंशांनी खाली झुकतो आणि अक्षरे चेपलेली दिसतात. दीड मीटर उंचीवरून तोच कोन दहा अंशांच्या आत येतो. मात्र कॅमेरा फार खाली, थेट समोर ठेवला तर हेडलाइट लेन्समध्ये येतो. दीड ते दोन मीटर उंची आणि लेनच्या कडेला दीड मीटर सरकलेली जागा हा आम्हाला मानवलेला तोल आहे. घोडबंदर रस्त्याच्या खाडीकडच्या बाजूला ज्यांची गेट रस्त्याकडे तोंड करून आहेत त्यांना आणखी एक अडचण येते: येणाऱ्या गाडीकडे पाहणारा कॅमेरा पश्चिमेला, म्हणजे येऊरच्या डोंगराकडे, तोंड करून बसतो आणि संध्याकाळच्या नेमक्या गर्दीच्या वेळी उतरते ऊन थेट आत घेतो. कॅमेऱ्याला टोपी लावून आणि त्याचा रोख खाली घेऊन चित्रातून आकाश पूर्णपणे वगळले की हा त्रास बराच आटोक्यात येतो.

तिसरी बाब शटरची. ताशी १५ किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सुमारे ४.२ मीटर पुढे जाते. रात्री कॅमेरे आपोआप शटर मंद करतात. ते एक पंचविसांश सेकंदावर गेले तर तेवढ्या वेळात गाडी जवळजवळ १७ सेंटिमीटर सरकते. मोटारीच्या प्लेटवरील अक्षराची रेषा नियमाने १० मिलिमीटर जाड असते. गाडी समोरून येत असल्याने ही सगळी हालचाल चित्रात आडवी दिसत नाही हे खरे, तरी कडेने पाहणाऱ्या कॅमेऱ्यात अक्षरे पुसट होण्यास ती पुरेशी असते. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागावर पक्के केले की हालचाल आठ मिलिमीटरवर येते. कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो’ काढून हा आकडा हाताने भरावा लागतो. बॅरिअरच्या अलीकडे रबरी स्पीडब्रेकर टाकला तर काम आणखी सोपे होते. मात्र गाडीचे नाक ज्या क्षणी वर उचलले जाते तो क्षण टाळून, गाडी सपाटीवर येते तिथे कॅमेऱ्याची नजर ठेवावी.

शटर जलद केले की रात्री चित्र काळे पडते, आणि येथे उच्च सुरक्षा प्लेट आपल्या मदतीला येते. १ एप्रिल २०१९पासून नव्या गाड्यांना सक्तीच्या झालेल्या या प्लेटचा पृष्ठभाग ज्या दिशेने प्रकाश येतो त्याच दिशेने तो परत पाठवतो. कॅमेऱ्याशेजारी अवरक्त, म्हणजे डोळ्यांना न दिसणाऱ्या इन्फ्रारेड प्रकाशाचा, दिवा लावला की बाकीची गाडी अंधारात राहते आणि प्लेट तेवढी उजळून निघते. चित्र असे दिसू लागले की कमिटीतले सभासद ‘कॅमेरा बिघडला’ म्हणून तक्रार करतात, पण वाचनासाठी हेच चित्र योग्य असते. गाडी आणि चालक दिसावा म्हणून जुना कॅमेरा आहे तसाच राहू द्यावा. दिवा फार प्रखर झाला तर उलट प्लेट पांढरीफटक होऊन अक्षरे दिसेनाशी होतात, तेव्हा त्याची तीव्रता रात्रीच उभे राहून जुळवावी.

सॉफ्टवेअरची निवड

प्लेट वाचणारी बहुतेक सॉफ्टवेअर दोन टप्प्यांत काम करतात: चित्रात प्लेट कुठे आहे ते पहिला टप्पा शोधतो आणि तिच्यावर काय लिहिले आहे ते दुसरा वाचतो. हे दोन टप्पे वेगळे ओळखता आले की चूक कुठे होते तेही कळते.

इंटरनेटवर शोधल्यास सर्वांत आधी ओपनएएलपीआर हे नाव समोर येते. सी प्लस प्लस भाषेत लिहिलेल्या या प्रकल्पाने चित्रे हाताळणारे ओपनसीव्ही आणि अक्षरे वाचणारे टेसरॅक्ट यांच्या आधाराने अनेकांना पहिला मार्ग दाखवला. पण त्यामागची कंपनी २०१९मध्ये विकली गेली, पुढचे काम व्यावसायिक आवृत्तीकडे वळले आणि मुक्त आवृत्ती जुनीच राहिली. शिकण्यासाठी ती वाचावी. नव्या गेटवर बसवू नये. टेसरॅक्ट थेट वापरण्याचा मोहही टाळावा. ते छापील पानांसाठी घडलेले साधन आहे, आणि तिरक्या, चिखल उडालेल्या, दोन ओळींच्या प्लेटवर ते लवकर हार मानते.

ज्यांना प्रोग्रामिंग करायचे नाही त्यांनी फ्रिगेट बसवावे. हे कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणारे आणि त्यातील वस्तू ओळखणारे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर असून २०२५मध्ये आलेल्या ०.१६ आवृत्तीपासून त्यात प्लेट वाचण्याची सोय आली आहे. ते डॉकरमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअर वेगळ्या कप्प्यात चालवणाऱ्या साधनात, चालते, कॅमेऱ्याचे चित्र त्याच्या आरटीएसपी पत्त्यावरून, म्हणजे नेटवर्कवरील थेट चित्रणाच्या पत्त्यावरून, घेते, आणि ओळखीच्या क्रमांकांची यादी नावांसह दिली की प्लेटऐवजी ते नाव दाखवते. यात एक खोच आहे, आणि आमचे तीन दिवस तिच्यात गेले. कॅमेरा एकाच वेळी चित्रणाचे दोन प्रवाह देतो, एक स्पष्ट मुख्य आणि एक कमी रेझोल्यूशनचा दुय्यम. फ्रिगेटमध्ये वस्तू ओळखण्यासाठी हा दुय्यम प्रवाह वापरावा असे साधारणपणे सुचवले जाते, आणि प्लेटचे वाचनही त्याच प्रवाहावर होते. मुख्य प्रवाह कितीही स्पष्ट असला तरी त्याचा वाचनाला उपयोग होत नाही. म्हणून गेटच्या या एका कॅमेऱ्यासाठी ओळखीच्या प्रवाहाचे रेझोल्यूशन वाढवून घ्यावे.

ज्यांना पायथन येते त्यांच्यासाठी फास्ट-एएलपीआर अधिक सोयीचे आहे. त्यात दोन्ही टप्प्यांसाठी आधीच शिकवलेली छोटी मॉडेल, म्हणजे नमुन्यांवरून ओळखायला शिकलेले प्रोग्राम, मिळतात, ती ओएनएनएक्स या फाइलच्या खुल्या स्वरूपात असल्याने ग्राफिक्स कार्डाशिवायही चालतात, आणि दहा-बारा ओळींत एका फोटोवरचा क्रमांक हाती येतो. एक टप्पा बदलून त्या जागी पॅडलओसीआरसारखे अक्षरे वाचणारे दुसरे साधनही लावता येते. एका लेनसाठी कार्यालयातून निघालेला चार-पाच वर्षे जुना डेस्कटॉप पुरतो. त्याला यूपीएस मात्र जोडावा.

वापराच्या परवान्याकडे दुर्लक्ष करू नये. फ्रिगेट आणि फास्ट-एएलपीआर एमआयटी नावाच्या सैल परवान्याखाली आहेत आणि त्यांच्या वापरावर जवळजवळ बंधन नाही. ओपनएएलपीआर आणि चित्रातील वस्तू ओळखणारे अल्ट्रालिटिक्सचे योलो एजीपीएल या कडक परवान्याखाली आहेत. त्यांत बदल करून नेटवर्कवरून इतरांना सेवा दिली तर बदललेला स्रोतही त्यांना द्यावा लागतो. सोसायटीला स्वतःपुरता वापर करताना याचा त्रास होत नाही, पण दहा सोसायट्यांना हेच बसवून देणाऱ्या ठेकेदाराला ते पाळावे लागते. शिवाय सॉफ्टवेअरचा परवाना एक आणि मॉडेलचा दुसरा असू शकतो, दोन्ही पाहावेत.

वाचलेला क्रमांक सुधारून घेणे

सॉफ्टवेअर जे देते तो अंदाज असतो, आणि त्याला शिस्त लावण्याचे काम आपले असते. आपल्या नोंदणी क्रमांकांची घडण त्यासाठी फार सोयीची आहे. पहिली दोन अक्षरे राज्याची, पुढचे दोन अंक परिवहन कार्यालयाचे, मग मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार अंक. त्यामुळे अंकाच्या जागी ओ आले तर ते शून्य, आय आले तर एक, एस आले तर पाच, बी आले तर आठ, झेड आले तर दोन, असे जागेवरून बदलता येते आणि अक्षरांच्या जागी याच्या उलट. आमच्या गेटवर येणाऱ्या गाड्यांत ठाण्याचे एमएच ०४ सर्वाधिक, त्याखालोखाल कल्याणचे ०५, वाशीचे ४३, बोरिवलीचे ४७ आणि वसईचे ४८. एमएचऐवजी एनएच किंवा डब्ल्यूएच वाचले गेले तर तसे राज्यच नसल्याने चूक लगेच पकडली जाते.

राज्यांची यादी करताना जुनी आणि नवी दोन्ही अक्षरे ठेवावीत. तेलंगणात मार्च २०२४पासून टीएसच्या जागी टीजी आले, पण टीएसच्या गाड्या रस्त्यावर आहेतच. ओडिशाची ओआर आणि ओडी यांचेही तसेच. दिल्लीच्या क्रमांकात परिवहन कार्यालयाचा एकच अंक आणि त्याला लागून वाहनप्रकाराचे अक्षर असू शकते. भारत मालिकेची घडण तर अगदी वेगळी आहे: आधी नोंदणीच्या वर्षाचे दोन अंक, मग बीएच, मग चार अंक आणि शेवटी अक्षरे. २०२१मध्ये सुरू झालेली ही मालिका बदलीच्या नोकरीतील लोकांकडे दिसते. तिला वेगळा साचा दिला नाही तर अशी प्रत्येक गाडी सॉफ्टवेअर ‘दुरुस्त’ करून बिघडवते.

प्लेटवर क्रमांकाखेरीजही मजकूर असतो. उच्च सुरक्षा प्लेटच्या डाव्या कडेला निळ्या रंगात आयएनडी ही अक्षरे असतात आणि ती पुष्कळदा क्रमांकाच्या आधी चिकटून येतात. ती आधीच काढून टाकावीत. जुन्या प्लेटवर ‘७’ हा क्रमांक कुठे एकटा सात असतो, कुठे तीन शून्ये लावून लिहिलेला असतो, म्हणून यादीत आणि वाचनात दोन्हीकडे शून्ये भरून चार अंक करून घ्यावेत. ४१४१ ‘दादा’सारखे आणि २१४ ‘राम’सारखे दिसावे म्हणून अंकांना हौसेने वळण दिलेल्या प्लेट अजूनही दिसतात. त्या नियमबाह्य आहेतच आणि सॉफ्टवेअरलाही वाचता येत नाहीत. त्या सभासदाला नियमातली प्लेट लावण्याची विनंती करावी, त्याच्यासाठी प्रोग्राम बदलत बसू नये. विजेवरील खासगी गाड्यांच्या हिरव्या प्लेटवर पांढरी अक्षरे असतात, म्हणजे उजळावर गडद हा नेहमीचा क्रम उलटतो. त्या गाड्यांची चाचणी स्वतंत्रपणे घ्यावी.

एकाच चित्रावर विसंबू नये, ही येथली सर्वांत उपयोगी सूचना आहे. गाडी वाचनाच्या टप्प्यातील तीन मीटर ताशी १५ किलोमीटर वेगाने पार करते तेव्हा तिला सुमारे पाऊण सेकंद लागतो. सेकंदाला दहा चित्रे घेतली तर सात वाचने मिळतात. प्रत्येक जागेवर ज्या चिन्हाला सर्वाधिक मते पडतात ते घेतले की वायपर, सावली किंवा पावसाच्या थेंबाने आलेली एखादी चूक गळून पडते. आमच्याकडे पावसाळ्यात सर्वांत मोठा फरक या एका बदलाने पडला.

चाचणी आणि बॅरिअर

बॅरिअर जोडण्यापूर्वी निदान एक महिना यंत्रणा फक्त बघत राहू द्यावी. त्या काळात स्वतःच्या गेटवरचे २०० फोटो बाजूला काढून त्यांचे क्रमांक हाताने लिहावेत आणि सॉफ्टवेअरचे उत्तर त्यांच्याशी ताडून पाहावे. यशाची एकच सरासरी काढू नये. दिवस, रात्र, पाऊस, एका ओळीची प्लेट आणि दोन ओळींची प्लेट असे गट वेगळे मोजावेत, म्हणजे दुखणे कुठे आहे ते दिसते. आमच्या मोजणीत पहिल्या फेरीत रात्रीचा गट कोसळलेला होता आणि दिवसाच्या चांगल्या आकड्यांत तो झाकला जात होता.

जुळणीचे दोन स्तर ठेवावेत. क्रमांक यादीशी तंतोतंत जुळला तर बॅरिअर आपोआप उघडावा. एकाच चिन्हाचा फरक असेल तर वॉचमनच्या पडद्यावर संभाव्य गाडीचा मेक, रंग आणि फ्लॅट दिसावा, आणि समोरची गाडी तीच आहे हे पाहून त्याने बटण दाबावे. येथे एका चिन्हाच्या फरकाला परस्पर माफी देऊ नये. सभासदाला दहा सेकंद थांबावे लागणे आणि परकी गाडी आत जाणे या दोन चुकांचे मोल सारखे नाही, आणि सॉफ्टवेअरमधला आकडा हा निर्णय आपल्यासाठी घेऊ शकत नाही. बनावट प्लेट लावलेली गाडीही यंत्रणेला खरीच वाटते, म्हणून रात्री गेटवर माणूस हवाच. यादीबाहेरची प्रत्येक गाडी पूर्वीप्रमाणे वॉचमनकडे जाते. फरक एवढाच की त्याला आता पाहुण्यांपुरतेच लिहावे लागते.

बॅरिअरला संगणकाकडून फक्त ‘उघड’ हा इशारा रिले, म्हणजे विजेने चालणारा छोटा स्विच, यामार्फत द्यावा. खाली येण्याचा निर्णय बॅरिअरच्या स्वतःच्या सेन्सरवर सोडावा आणि दांड्याखाली कोणी असल्यास थांबवणारी सुरक्षा काही झाले तरी बंद करू नये. कॅमेरा आणि संगणक सोसायटीच्या आतल्या नेटवर्कवरच असावेत, कारखान्यातून आलेला पासवर्ड पहिल्याच दिवशी बदलावा, आणि चेअरमनला घरून पाहायचे आहे म्हणून कॅमेरा इंटरनेटवर उघडा टाकू नये.

कोण किती वाजता आले-गेले याची नोंद ही खासगी माहिती आहे. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३मध्ये संमत झाला आहे, आणि कायदा बाजूला ठेवला तरी एखाद्या सभासदाच्या येण्याजाण्याच्या वेळा शेजाऱ्याला कळाव्यात असे कोणालाच वाटणार नाही. आम्ही सर्वसाधारण सभेत ठराव करून नोंदी ३० दिवसांनी आपोआप पुसल्या जातील असे ठेवले, त्या पाहण्याचा अधिकार दोनच पदाधिकाऱ्यांना लेखी कारणासह दिला, आणि गेटवर मराठीत फलक लावला. सभेतली सर्वांत लांब चर्चा याच मुद्द्यावर झाली आणि ती योग्यच होती.

देखभालीचे काम थोडे आहे, पण ते ठरलेल्या दिवशी व्हावे लागते. सभासदाने गाडी बदलली की त्याच दिवशी यादी बदलावी. मे महिन्याच्या शेवटी कॅमेऱ्याच्या पेटीचे रबर तपासावे. अवरक्त दिव्याभोवती रात्री किडे येतात, किड्यांमागून कोळी येतो, आणि त्याचे जाळे लेन्ससमोर चमकू लागले की त्या रात्रीचे वाचन निम्म्यावर येते. वॉचमनच्या केबिनमध्ये लांब दांड्याचा मऊ ब्रश ठेवला असून तो दर सोमवारी आणि गुरुवारी फिरवला जातो.